वाटी, शंकू आणि साडेछप्पन्न

पॉलिटेक्निकात मातीचा विषय शिकवण्यात शांतवन पारधे सरांचं उभं आयुष्य गेलं, पण श्रीरामपुरातल्या त्यांच्या कॉलनीत आजवर एकाही माणसाने त्यांना मातीबद्दल अवाक्षर विचारलं नव्हतं. पोराला डिप्लोमाला कुठली ब्रँच घेऊ, मिक्सर गरम का होतो, मोबाईलची रेंज गच्चीत येते आणि हॉलमध्ये का येत नाही, असले प्रश्न घेऊन मात्र लोक बिनदिक्कत येत. इंजिनिअरिंगवाल्या माणसाला हे सगळं यायलाच हवं, अशी कॉलनीची समजूत होती. सर मिक्सर उघडून बघत आणि गंभीर चेहऱ्याने पुन्हा बंद करून देत. आधी निदान गरम होणारा मिक्सर त्यानंतर गार पडे, पण लोक मनाने चांगले होते, तोंडावर बोलून दाखवत नसत.

म्हणून कॉलनीच्या कंपाउंडची भिंत एका पावसाळ्यात ओढ्याच्या बाजूला वाकली, तेव्हा सगळ्यांना वाईट वाटलं आणि सरांना, खोटं कशाला बोला, थोडं बरं वाटलं. भिंतीखाली काळी माती होती. उन्हाळ्यात ती भेगाळायची, पावसाळ्यात फुगायची, आणि वरच्या भिंतीला या दोन्ही कार्यक्रमांना हजर राहावं लागायचं. सरांनी हे प्लॉट घेतानाच सांगितलं होतं. कुणाला सांगितलं होतं हे मात्र विचारू नये. पत्नीला, म्हणजे आराधनाबाईंना सांगितलं होतं, आणि त्या तेव्हा मेथी निवडत होत्या.

नव्या भिंतीचं काम करण नावाच्या तरुण ठेकेदाराला दिलं. त्याने एकच अट घातली. आधी मातीचा रिपोर्ट आणा, मग पाया किती खोल घ्यायचा ते सांगतो. कॉलनीचे अध्यक्ष आप्पासाहेब, शुगर फॅक्टरीतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून मोकळेच असलेले, संध्याकाळी सरांच्या दारात येऊन उभे राहिले.

"सर, तुमी ते मातीचं काय तरी शिकवता म्हनं कॉलेजात?"

"हो. तेच शिकवतो."

"मग आजवर बोलला न्हाई कधी?"

त्या रात्री जेवताना सरांनी भाकरी नेहमीपेक्षा एक जास्त खाल्ली.

करणला हवी होती ती मातीची द्रवसीमा. कोरड्या मातीत पाणी घालत गेलं की आधी गोळा होतो, मग लगदा होतो, आणि एका टप्प्याला माती स्वतःचा आकार धरायचं सोडून वाहायला बघते. त्या टप्प्याला शंभर ग्रॅम कोरड्या मातीमागे किती ग्रॅम पाणी आहे, तो हा आकडा. आकडा मोठा तितकी माती नाठाळ आणि पाया खोल. तो काढायच्या दोन रीती आहेत, आणि पुढचा सगळा घोळ त्या दोन असल्यामुळेच झाला.

पहिली रीत पितळी वाटीची. वाटीत लगदा थापायचा, मधोमध खाच पाडायची आणि दांडा फिरवून वाटी खालच्या रबरी पाटावर टकटक आपटवायची. पंचवीस टोल्यांत खाच मिटली की माती सीमेवर आली. टोले सेकंदाला दोन, कमी नाहीत की जास्त नाहीत. सरांचा हात यात असा बसला होता की रविवारी चर्चमध्ये संथ गीत चालू असलं तरी त्यांचा पाय सेकंदाला दोनच्याच ठेक्यात हलायचा आणि आराधनाबाईंना त्यांना कोपराने ढोसावं लागायचं.

दुसरी रीत शंकूची. लगद्यावर एक टोकदार शंकू सोडायचा, पाच सेकंदांत तो वीस मिलिमीटर रुतला की झालं. इथे ठेका नाही, तपश्चर्या नाही, बटण दाबता आलं की पुरे. "अशाने मुलांना माती कळत नाही, बटण कळतं," हे सरांचं मत होतं आणि ते त्यांनी स्टाफरूममध्ये सर्वांना, काहींना दोनदा, ऐकवलं होतं.

दुर्दैवाने विभागप्रमुख राजनंदिनी मॅडमचं मत उलटं होतं. मॅडम एकेकाळच्या सरांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी नुकतंच शंकूचं नवंकोरं यंत्र आणवलं होतं आणि जुनी वाटी भंगारात काढायचा प्रस्ताव तयार ठेवला होता.

"सर, वाटीवर दहा मुलं बसवली तर दहा आकडे येतात," मॅडम म्हणाल्या. "शंकूवर एकच येतो."

"दहा मुलांत एखादं तरी नीट शिकतं, मॅडम."

मॅडमनी थोडा विचार केला. सरांबद्दल त्यांना मनापासून आदर होता, फक्त त्या आदराला लॅबमधली जागा द्यायची त्यांची तयारी नव्हती. "असं करू. तुमच्या कॉलनीची माती तपासायचीच आहे ना? एकाच मातीचे दोन भाग करा. एक तुम्ही वाटीवर करा, एक मी शंकूवर करते. आकडे जुळले तर वाटी राहील. नाही जुळले तर भंगारात जाईल."

सरांनी होकार दिला. आपण काय पणाला लावतोय ते त्यांना नीट कळत होतं. ती वाटी गेली की मुलांना शिकवण्यासारखं त्यांच्या हातात जे काही होतं, ते त्यातच जाणार होतं.

लॅबमध्ये फरशी बसवायचं काम निघालेलं, शंकूचं यंत्र मॅडमच्या केबिनमध्ये हललं होतं, वाटी मात्र घरी न्यावी लागणार होती. कॉलेजची वस्तू बाहेर न्यायला गेटपास लागतो. स्टोअरचे वाल्मिक भाऊसाहेब म्हणाले, गेटपास प्राचार्यांच्या सहीने मिळेल. प्राचार्य म्हणाले, आधी स्टोअरची शिफारस आणा. सर या दोघांमध्ये शटलकॉकसारखे फिरले आणि शेवटी वाल्मिक भाऊसाहेबांनी 'पितळी वाटी, नग एक' असा पास दिला. गेटवरच्या वॉचमनने पास वाचला, सरांच्या पिशवीतलं दांडा, स्क्रू आणि रबरी पाट असलेलं ते धूड पाहिलं आणि म्हणाला, "सर, ही वाटी न्हाई." सरांनी त्याला उभ्या उभ्या मातीचा पहिला धडा शिकवला. तो त्याने शांतपणे ऐकला आणि मग वाल्मिक भाऊसाहेबांना फोन लावला.

माती सरांनी स्वतः खणून काढली. भिंतीलगत, वरचा केरकचरा बाजूला करून, कंबरेइतक्या खड्ड्यातून. मग ती गच्चीवर पोत्यावर सावलीत वाळवली, लाकडी मोगरीने फोडली आणि बारीक चाळणीतून चाळली. गच्चीवर उकिडवं बसून माती चाळणारा प्राध्यापक हे दृश्य कॉलनीला नवीन होतं. लोक येऊन सल्ले देऊन गेले. कुणी म्हणालं त्यात जिप्सम टाका, कुणी म्हणालं पाचट कुजवून घाला, ऊस फेकला तरी येईल.

"ही शेताची तपासणी नाही," सर सांगत राहिले. "खत घालायचं नाहीये. भिंत बांधायचीये."

"भिंतीला असू दे, पन माती चांगली पायजे का नको?" आप्पासाहेब म्हणाले. यावर सरांनी हात टेकले. नंतर त्यांना वाटलं की हात टेकायला नको होते, दोन वाक्यं जास्त बोलायला हवी होती.

चाळलेल्या मातीच्या दोन पिशव्या झाल्या. एक सरांनी ठेवली. दुसरी मॅडमकडे न्यायची होती, तर आप्पासाहेब म्हणाले, "माझी कॉलेजाकडं, नेवासा रोडला चक्कर हायेच, देतो पोचवून." सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. अध्यक्ष म्हणून माणूस एवढं करतोय, याचं त्यांना कौतुकच वाटलं.

शनिवारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाटी मांडली. टकटक सुरू झाली. थोड्याच वेळात शेजारच्या रतनबाई शेंगदाण्याचं पातेलं घेऊन हजर. "सर, तुमचं कुटनं चाललंच हाय तर माझं बी एवढं घ्या." त्यांना समजावण्यात टोल्यांची मोजणी चुकली आणि लगदा पुन्हा थापावा लागला. त्यानंतर, माती किती ओली असेपर्यंत वळता येते ते कळायला, ओल्या मातीच्या तीन मिलिमीटर जाडीच्या वळ्या वळून बघायच्या होत्या. त्या आराधनाबाईंच्या काचेच्या टीपॉयवर वळाव्या लागल्या. रतनबाई बाजूला बसून बघत होत्या. त्यांनी शेवटी राहवेना म्हणून सांगितलं की शेवया जाड होतायत. सरांनी त्यांना सांगितलं की याच मापाला तुटल्या पाहिजेत, म्हणून मुद्दाम. रतनबाईंनी ते खरं मानलं नाही.

पाणी मोजायला माती भट्टीत दिवसभर वाळवावी लागते. कॉलेजची भट्टी फरशीवाल्यांच्या सिमेंटच्या गोण्यांमागे अडकलेली, आणि केमिस्ट्रीवाल्यांची छोटी मॅडमनी आधीच अडवलेली. मग नजर वळली ती आराधनाबाईंच्या केकच्या ओव्हनकडे.

"उद्या भगिनी मंडळाचा केक आहे," आराधनाबाई म्हणाल्या.

"फक्त एकशे पाच अंश. केकपेक्षा कमीच."

"किती वेळ?"

सरांनी आवाज शक्य तितका खाली आणून सांगितलं, "उद्या सकाळपर्यंत."

केक रविवारी भाजला गेला. भगिनी मंडळातल्या एका बाईंनी खाऊन विचारलं की यात नवीन काय घातलंय, पहिल्या पावसात रानातून चालल्यासारखं वाटतं. आराधनाबाई पुढचे दोन दिवस सरांशी गरजेपुरतंच बोलल्या.

सरांचा आकडा आला बहात्तर. ओव्हनमध्ये त्यांनी तीन-चार नमुने एकदम ठेवले होते, प्रत्येकाचा बहात्तरच्या आसपास. काळ्या मातीला शोभेल असा आकडा होता. सोमवारी ते कॉलेजात गेले तेव्हा त्यांची चाल वेगळीच होती.

मॅडमचा आकडा आला होता एक्केचाळीस.

एक-दोनाचा फरक समजू शकतो, चार-पाचाचा फरक माणूस गिळतो. एकतिसाचा फरक म्हणजे एकाने मातीऐवजी दुसरंच काही तपासलंय. मॅडमनी अतिशय सभ्यपणे विचारलं, "सर, वाटीचं रबर कडक झालंय का? की आपटायची उंची हलली असेल?" या सभ्यपणाने सर जास्त घायाळ झाले. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मॅडमची माती बघायला मागितली असती तर गोष्ट तिथेच संपली असती, पण अपमान झालेला माणूस दुसऱ्याच्या टेबलावर वाकून बघत नाही. ते "बघतो" एवढंच म्हणाले आणि बाहेर पडले.

घरी येऊन त्यांनी वाटी आपटायची उंची तपासली, रबर दाबून पाहिलं, पितळ झिजलंय का म्हणून भिंगातून बघितलं. मग स्वतःचा हात तपासला, मनगटी घड्याळ समोर ठेवून हवेत दांडा फिरवत. ते बघून आराधनाबाईंनी अबोला सोडला आणि डॉक्टरांकडे जायचं का असं विचारलं. सरांना त्या वेळी खरोखर भीती वाटत होती. इतकी वर्षं मुलांना शिकवलं ते चुकीचंच शिकवलं की काय, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो जेवतानाही निघेना.

इकडे बातमी कॉलनीत पसरली. एका मातीचे दोन आकडे आलेत म्हटल्यावर कॉलनीला जाग आली. या मुलखात दोन माणसं जमली की दोन पॅनेल तयार होतात. इथे तर आयते दोन आकडे होते. ज्यांच्या घरांना तडे गेले होते ते म्हणाले बहात्तर, पाया खोल घ्या. ज्यांच्या घरांना अजून गेले नव्हते ते म्हणाले एक्केचाळीस, उगीच खड्डे कशाला. आठवड्याभरात वाटीवाले आणि शंकूवाले असे दोन तट पडले. ज्यांना द्रवसीमा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, ते जास्त आवेशाने बोलत होते. एका सकाळी दूध आणायला गेलेल्या सरांना एक गृहस्थ हळूच म्हणाले, "सर, मी मनाने वाटीवाला हाय, पन आमचे मेव्हने शंकूत असल्यानं उघड बोलता येत न्हाई."

आप्पासाहेबांनी सर्वसाधारण सभा बोलावली. कॉलनीच्या मोकळ्या जागेत, लिंबाखाली, सतरंज्या टाकून. करण ठेकेदार एका बाजूला उभा होता. दोन्ही बाजूंची भाषणं झाली. मग आप्पासाहेबांनी खाकरून तोडगा मांडला.

"ह्यांचं बहात्तर, त्यांचं एक्केचाळीस. भांडनं नकोत. मधला आकडा काढला तर साडेछप्पन्न येतो. साडेछप्पन्न धरावा असा ठराव मी मांडतो."

"अनुमोदन," मागून कुणीतरी म्हणालं.

सर उठून उभे राहिले. "आप्पासाहेब, हे मतदानाने ठरत नसतं. माती ठरवते."

"माती ठरवत असती तर दोन आकडे का दिले असते तिनं? बसा, सर. समदं सर्वानुमते चाललंय."

आणि साडेछप्पन्न सर्वानुमते मंजूर झाला. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मातीची द्रवसीमा ठरावाने ठरल्याचं सरांनी पुस्तकात कुठे वाचलं नव्हतं. ते सतरंजीवर बसले आणि समोरच्या चपलांकडे बघत राहिले. करण वहीत आकडा लिहून घेत होता आणि त्याच्याही चेहऱ्यावर काही बरं दिसत नव्हतं.

तेवढ्यात अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय निघाले आणि रतनबाई उभ्या राहिल्या.

"माझ्या मोगऱ्याच्या कुंडीतली माती परत कधी देनार, आप्पासाहेब?"

"रतनबाई, ते मागनं बघू."

"मागनं कशाला? लॅबला द्यायची म्हनून तुमी नेली. अर्धी कुंडी वाळू मिसळलेली, कशी भुसभुशीत केली हुती मी. मोगरा उघडा पडलाय माझा."

सरांनी मान वर केली. "लॅबला कुठली माती दिलीत, आप्पासाहेब?"

आप्पासाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग, माणूस मुळात सरळ असल्यामुळे, त्यांनी सगळं सांगून टाकलं. सरांनी दिलेली माती चिकट, काळीकुट्ट, बघवत नव्हती. ती कॉलेजात मोठ्या मॅडमपुढे जाणार, तिचा छापील रिपोर्ट येणार, त्यावर कॉलनीचं नाव असणार. "मुलगी दाखवताना आपन तिला चांगली साडी नेसवतो का न्हाई, सर? अध्यक्ष म्हनून कॉलनीची अब्रू माझ्याकडं. म्हनून चांगली माती दिली. तुमची पिशवी तशीच हाय माझ्या पडवीत, एक कन सांडला न्हाई."

वाटीवाल्यांनी एकच गलका केला. सरांना आप्पासाहेबांचा राग यायला हवा होता, पण त्यांना त्या माणसाला मिठी मारावीशी वाटत होती. त्यांचा हात चुकला नव्हता, वाटी चुकली नव्हती, इतक्या वर्षांत शिकवलेली मुलं चुकीचं शिकली नव्हती. डोळे भरून आले म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

"ठराव रद्द करा मग," करण म्हणाला.

"एकदा पास झालेला ठराव लगेच रद्द करता येत न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. "उपविधीत बसत न्हाई. कागदावर साडेछप्पन्न राहू दे. जमिनीत तू बहात्तरचा पाया घाल." करणने तो खोल घेतला आणि भिंत आजही सरळ उभी आहे.

दुसऱ्या दिवशी पडवीतली पिशवी आणि वाटी घेऊन सर कॉलेजात गेले. मॅडमनी सगळी हकीकत ऐकली, तोंडावर हात धरून थोडं हसून घेतलं आणि शंकूचं यंत्र पुसून घेतलं. या वेळी एकाच टेबलावर, समोरासमोर. एका बाजूला सरांची टकटक, दुसऱ्या बाजूला मॅडमचं बटण. कॉलेजची भट्टीही आता मोकळी झाली होती. वाळवून वजनं झाली. वाटीचे बहात्तर, शंकूचे एक्काहत्तर.

"जुळलं," सर म्हणाले.

"अगदी जुळलं, सर," मॅडम म्हणाल्या. मग त्या दोन्ही आकड्यांकडे बघत बसल्या. "पण सर, दोन्ही एकच सांगत असतील, तर दोन कशाला ठेवायची? शंकूला वेळ कमी लागतो. मुलांना लवकर जमतो. तुम्हीच तर सिद्ध केलंत."

मॅडम कबुलीला बांधलेल्या होत्या, सरांनी हट्ट धरला असता तर वाटी राहिली असती. पण मुद्दा बिनतोड होता, आणि समोर आलेला निकाल नाकारू नये असं ते दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगत. त्यांनी आपल्याच हाताने, आपल्याच ठेक्यात, वाटीची गरज नसल्याचं दाखवून दिलं होतं. "आणा तो कागद," ते म्हणाले. "मीच सही करतो."

कागदावर 'भंगारात काढण्याचे कारण' असा रकाना होता. तिथे बाकी सगळ्या वस्तूंपुढे 'मोडके' लिहिलेलं होतं. सरांनी पेन टेकवलं, उचललं, आणि मग स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'अचूक चालते, परंतु शंकू असल्याने आवश्यकता नाही.' खाली सही केली, आणि घरी येऊन पडून राहिले.

दोन दिवसांनी वाल्मिक भाऊसाहेब तो कागद नाचवत स्टाफरूममध्ये आले. मॅडम तिथेच होत्या.

"सर, हे काय लिहिलंत? अचूक चालते? अचूक चालणारी वस्तू भंगारात काढायची सोय नियमात नाही. मोडलं, गंजलं, हरवलं नाहीतर चोरीला गेलं, एवढंच चालतं. ऑडिटवाले मला उभं करतील."

"मग परत लिहा," मॅडम म्हणाल्या. "सर, मोडकं आहे एवढंच लिहा ना."

"मोडकं नाहीये ते, मॅडम. मी खोटं लिहिणार नाही. तुम्ही लिहा."

मॅडमनी कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं. पेन बराच वेळ रकान्यावर तसंच राहिलं. एक्काहत्तर हा त्यांचाच आकडा होता, त्यांच्याच यंत्राचा, आणि तोच वाटीला अचूक ठरवत होता. त्यांनी टोपण पुन्हा लावलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मोडेपर्यंत राहू दे, भाऊसाहेब."

सरांनी वाटी लॅबच्या कपाटात नेऊन ठेवली, स्क्रूंना तेल घातलं आणि कपाटाला कुलूप लावलं. किल्ली ते खिशात ठेवतात. मोडली तर ती भंगारात जाणार हे पक्कं ठाऊक असल्यामुळे कुठल्याही विद्यार्थ्याला ते तिला बोट लावू देत नाहीत. मुलं आता शंकूवर शिकतात, आणि शिकवतात पारधे सरच.